अंड्याची टरफलं, तळणीचं तेल आणि चहाचा चोथा : हरित कॅटॅलिस्टच्या प्रकल्प नोंदी

आम्ही दोघी एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला, कोल्हापुरात. प्रोजेक्टचे दोन भाग: अंड्याच्या टरफलांपासून कॅटॅलिस्ट (रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा, स्वतः न संपणारा पदार्थ) करून तळणीच्या वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल बनवायचं, आणि चहाच्या चोथ्यापासून लोहाचा कॅटॅलिस्ट करून रंगाचं सांडपाणी साफ करायचं. पुढची बॅच हेच करणार आहे म्हणून रोजच्या वहीतलं कामाचं तेवढं इथे उतरवतेय, थिअरी पुस्तकात सापडेल.

३ जुलै

भुर्जीच्या गाडीवरच्या काकांनी एका रात्रीत बादलीभर टरफलं दिली, "न्या की, आम्हाला टाकायलाच जावं लागतं" म्हणाले. टरफलाच्या आतला पातळ पापुद्रा काढणं हे खरं काम आहे. कोमट पाण्यात भिजवून हाताने चोळत बसलो, अर्धा दिवस गेला आणि तरी पापुद्रा पूर्ण निघाला नाही. लॅबमधले मामा म्हणाले भट्टीत जळूनच जाणार की तो. बरोबर आहे, जळतो, पण केस जळल्यासारखा वास येतो आणि धूर होतो, तेव्हा एक्झॉस्ट चालू ठेवा आणि भट्टी गच्च भरू नका.

पावसाळ्यात टरफलं उन्हात वाळत नाहीत हे आधी लक्षात घ्या. ओव्हनमध्ये ११० डिग्रीला रात्रभर ठेवून मगच कुटली.

८ जुलै

मफल भट्टीत (विजेची बंद भट्टी) ७०० डिग्रीला दोन तास. वीज वाचवायची म्हणून तापमान कमी ठेवलं होतं. २०० ग्रॅम टाकले आणि १५८ ग्रॅम मिळाले, म्हणजे भाजणी अर्धवट. टरफल म्हणजे जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट, त्यातला कार्बन डायऑक्साइड पूर्ण निघाला तर वजन ४४ टक्के कमी व्हायला हवं, वर पापुद्र्याचं थोडं. आमचं फक्त २१ टक्के कमी झालं होतं. खात्री करायला चिमूटभर पूड पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये टाकली तर फसफसली, याचा अर्थ कार्बोनेट शिल्लक आहे. ही टेस्ट एका मिनिटाची आहे, दर भाजणीनंतर करा.

परत ९०० डिग्रीला तीन तास. नवीन २०० ग्रॅमचे १०९ झाले, अ‍ॅसिडमध्ये फेस नाही, पांढरीशुभ्र पूड. मीटरवर ११ युनिट पडली. १००० च्या वर जाऊ नका, कण एकमेकांना चिकटून पृष्ठभाग कमी होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवते. टरफल भाजताना कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच आणि ११ युनिट वीजही जाते. टरफल कचऱ्यातून आलंय एवढ्यावर ते हरित होत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की प्रत्येक कॅटॅलिस्टला एकच प्रश्न विचारायचा: जेवढा टाकला तेवढा परत निघाला का, आणि नाही निघाला तर उरलेला कुठे गेला?

१५ जुलै

पूड बाटलीत ठेवली होती, बूच साधं. वजन केलं तर वाढलेलं. कॅल्शियम ऑक्साइड हवेतली वाफ ओढून विरलेला चुना होतो, पूर्ण विरला तर वजन ३२ टक्क्यांनी वाढतं, आणि कोल्हापुरातल्या जुलैच्या हवेत तो हे काम झपाट्याने करतो. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड पण ओढतो म्हणजे केलेली भाजणी उलटी फिरते. पुन्हा ९०० ला भाजावी लागली, परत तेवढीच वीज.

आता पद्धत अशी: भट्टी २०० च्या आसपास उतरली की क्रुसिबल (भाजायचं भांडं) थेट डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं), थंड झाली की लगेच छोट्या छोट्या बाटल्यांत भरायची, झाकणावर पॅराफिल्म, आणि एका रिअ‍ॅक्शनला एक बाटली. मोठी बाटली परत परत उघडायची नाही.

१९ जुलै

तेल. भज्याच्या गाडीवरून एक कॅन आणि एका मेसमधून एक कॅन आणला. अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचा, एफएसएसएआयचा, नियम १ जुलै २०१८ पासून आहे की तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल परत परत तापवल्यावर वाढणारे घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, आणि त्याच वर्षी अशा तेलाचं बायोडिझेल व्हावं म्हणून त्यांनी रुको नावाचा उपक्रम काढला. पोलर कंपाउंड मोजायचं मीटर महाग असतं, आमच्याकडे नाही, म्हणून आम्ही अ‍ॅसिड व्हॅल्यू काढली. तेलात मोकळी फॅटी अ‍ॅसिड किती ते ती सांगते, आपल्या कामाला तीच जास्त लागते.

५ ग्रॅम तेल, अल्कोहोल, फिनॉल्फ्थॅलिन (शेवटी गुलाबी होणारा इंडिकेटर), ०.१ नॉर्मल केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड). भज्याच्या तेलाला ५.५ मिली लागलं म्हणजे अ‍ॅसिड व्हॅल्यू ६.२. मेसच्या तेलाला १.४ मिली, म्हणजे १.६ च्या आत. भज्याचं तेल इतकं काळपट होतं की गुलाबी रंग दिसेना, जास्त अल्कोहोल घालून पांढऱ्या टाइलवर ठेवून केलं तेव्हा कुठे एंड पॉइंट कळला.

२४ जुलै

पहिली रिअ‍ॅक्शन, म्हणजे तेल आणि मिथेनॉल मिळून बायोडिझेल आणि ग्लिसरीन. मुद्दाम भज्याच्या तेलाची, कारण शहरात तेच जास्त मिळणार. ५०० मिली तेल ११० डिग्रीला तापवून पाणी उडवलं, ६० वर आणलं. मिथेनॉल तेलाच्या १२ पट मोलने (रेणूंच्या संख्येने), म्हणजे साधारण २५५ मिली. कॅटॅलिस्ट तेलाच्या वजनाच्या ३ टक्के, १४ ग्रॅम. कंडेन्सर लावून ६० ते ६५ च्या मध्ये तीन तास, कारण मिथेनॉल ६४.७ ला उकळतं.

फ्लास्कमध्ये दह्यासारखा गोळा झाला. मोकळी फॅटी अ‍ॅसिड आणि कॅल्शियम मिळून कॅल्शियम साबण तयार झाला आणि तो पाण्यात विरघळत नाही, बोअरच्या पाण्यात साबण फुटतो तोच हा प्रकार. कॅटॅलिस्ट गेला, मिथेनॉल गेलं, तेल गेलं, आणि फ्लास्क घासायला अख्खी संध्याकाळ.

मिथेनॉलबद्दल इथेच लिहिते. ते विष आहे, पोटात गेलं तर डोळे जातात, माणूस जातो, आणि कातडीतूनही आत जातं. फ्यूम हूड, ग्लोव्ह्ज, गॉगल. गॅसची शेगडी नाही, फक्त हॉटप्लेट. घरी करायचा हा प्रयोग नाही. ते कायद्याने विषाच्या यादीत असल्यामुळे आमचं सगळं कॉलेजच्या लेटरहेडवर आणि लायसन असलेल्या विक्रेत्याकडून आलं, अडीच लिटरच्या कॅनला अकराशे रुपये पडले.

३० जुलै

भज्याच्या तेलाला आधी सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि मिथेनॉलने एस्टरिफिकेशन (मोकळ्या फॅटी अ‍ॅसिडचंही बायोडिझेल करणं) करायचं का यावर मॅडमशी बोलणं झालं. उसाच्या चिपाडाचा कोळसा करून त्यावर सल्फोनिक गट बसवून घन अ‍ॅसिड करायचाही पर्याय आहे, आणि आपल्या भागात चिपाडाला तोटा नाही. पण तो करायला तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये दीडशे डिग्रीला कोळसा शिजवायचा आणि मग सल्फेट निघेपर्यंत गरम पाण्याने धूत बसायचं. मॅडम म्हणाल्या, "तेवढं अ‍ॅसिडचं पाणी कुठे सोडणार ते आधी सांगा." उत्तर नव्हतं, म्हणून सोडलं. त्यापेक्षा तेल निवडून घ्यायचं: अ‍ॅसिड व्हॅल्यू २ च्या खाली असेल तेवढंच, बाकी मेसच्या तेलात मिसळून खाली आणायचं.

२ ऑगस्ट

मेसचं तेल, बाकी सगळं तेच. तीन तासांनी थांबवलं. मॅग्नेटिक स्टररचा मणी फिरत होता पण पूड तळाशी बसलेली. २७/३ टेस्ट केली: २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली नमुना हलवायचा, बायोडिझेल विरघळतं आणि न झालेलं तेल खाली बसतं. खाली चांगला जाड थर बसला.

इथे तीन गोष्टी एकमेकांत न मिसळणाऱ्या आहेत, तेल, मिथेनॉल आणि पूड, त्यामुळे ढवळणं कमी पडलं की सगळं कमी पडतं. वरून दांडा फिरणारा स्टरर शेजारच्या लॅबमधून मागून आणला. पूडही बारीक चाळणीतून काढली, आधीची रवाळ होती.

५ ऑगस्ट

ओव्हरहेड स्टररने २७/३ टेस्ट स्वच्छ, तळाशी काही नाही. खूप बरं वाटलं.

मग मिथेनॉल परत मिळवायला डिस्टिलेशन लावलं. गरजेपुरतं मिथेनॉल तीन पटच लागतं, बाकीचं जास्तीचं, ते परत आलंच पाहिजे नाहीतर खर्च बसत नाही. १४० मिली परत आलं. पण उरलेल्याची परत २७/३ केली तर खाली थर! मॅडमनी लगेच ओळखलं. ही रिअ‍ॅक्शन उलटीही चालते. आम्ही कॅटॅलिस्ट आणि ग्लिसरीन आत असतानाच मिथेनॉल काढलं, मग बायोडिझेल परत तेलाकडे सरकलं. क्रम असा हवा: आधी पूड गाळा, मग ग्लिसरीन खाली बसू द्या आणि वेगळं करा, आणि शेवटी मिथेनॉल उडवा. गाळताना फिल्टर पेपर लगेच बुजतो. आम्ही रात्रभर बसू देऊन वरचं निवळ सेंट्रिफ्यूज केलं (वेगाने फिरवून गाळ खाली बसवला), वेळ निम्म्यावर आला.

१० ऑगस्ट

आज जागतिक जैवइंधन दिन, डिपार्टमेंटला पोस्टर लावायचं होतं. पोस्टरवर लिहिण्याआधी आमचं बायोडिझेल मानकात बसतं का हे बघायचं ठरवलं. बायोडिझेलच्या भारतीय मानकात, आयएस १५६०७ मध्ये, अ‍ॅसिड व्हॅल्यू जास्तीत जास्त ०.५ आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून किलोला ५ मिलिग्रॅम. कॅल्शियमची अट कडक आहे कारण ते इंजिनात साबण होऊन इंजेक्टर आणि फिल्टर बुजवतं.

कॅल्शियम मोजायला मोठं यंत्र लागतं असं आम्हाला वाटत होतं. लागत नाही. १०० ग्रॅम बायोडिझेल पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडबरोबर सेपरेटिंग फनेलमध्ये हलवा, कॅल्शियम पाण्यात उतरतं, ते पाणी सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२ वर नेऊन ०.०१ मोलार ईडीटीएने (कॅल्शियमला पकडणारं रसायन) टायट्रेट करा, इंडिकेटर पॅटन-रीडर, वाइनच्या लालपासून निळ्यापर्यंत. एक मिलीला ०.४ मिलिग्रॅम कॅल्शियम.

४८ मिली लागलं. म्हणजे किलोला १९२ मिलिग्रॅम, मर्यादेच्या जवळजवळ चाळीसपट. डोळ्याला मात्र तेच बायोडिझेल सोन्यासारखं स्वच्छ दिसत होतं.

पोस्टरवर हा आकडा लिहिला. मैत्रीण नको म्हणत होती, पण जो कोणी हे बघून करायला जाईल त्याला हाच आकडा सगळ्यात जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं.

१७ ऑगस्ट

कॅल्शियम आलं कुठून? घन कॅटॅलिस्ट गाळला की संपलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. म्हणून गाळून बघायची टेस्ट केली: नुसत्या मिथेनॉलमध्ये पूड तासभर ६० डिग्रीला ढवळली, गाळली, आणि त्या स्वच्छ मिथेनॉलमध्ये ताजं तेल घालून तीन तास चालवलं, पूड अजिबात नाही. तरी थोडं बायोडिझेल झालं आणि तळाशी ग्लिसरीनची बारीक रेघ आली. २७/३ मध्ये बहुतेक तेल खाली बसलं, म्हणजे मुख्य काम पूडच करते, पण थोडा चुना विरघळतो आणि तोही काम करतो. शिवाय ग्लिसरीन तयार झालं की त्याच्याशी मिळून कॅल्शियम ग्लिसरॉक्साइड होतं, त्याचाही काही भाग वरच्या थरात जातो.

ही टेस्ट घन कॅटॅलिस्ट म्हणवणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर करा. खर्च जवळपास शून्य.

२२ ऑगस्ट

पाहुण्या म्हणून आलेल्या एका बाईंनी सेमिनारमध्ये विचारलं, चुनाच आहे तर बाजारातला कळीचा चुना का घेत नाही? प्रश्न रास्त आहे. आणला. आणल्या आणल्या वापरला तर काम फारच कमी, कारण दुकानातच अर्धा विरलेला. ९०० ला भाजून वापरला तर २७/३ टेस्ट टरफलाइतकीच स्वच्छ. म्हणजे टरफलात वेगळी जादू नाही, ताजी भाजणी महत्त्वाची. तरी आम्ही टरफलावरच राहिलो कारण ते फुकट मिळतं आणि त्यासाठी डोंगर फोडावा लागत नाही, पण कोणाकडे टरफलं नसतील तर अडून बसू नका.

२८ ऑगस्ट

धुणं. पाण्याने तीन वेळा धुतल्यावर ईडीटीए ३.६ मिली, म्हणजे किलोला १४. तरी जास्तच. आधी नळाच्या पाण्याने धूत होतो, त्यात स्वतःचंच कॅल्शियम असतं, मग आकडे कसे उतरणार, डिस्टिल्ड घ्यायला लागलो. पहिल्या धुण्यात थोडं सायट्रिक अ‍ॅसिड घातलं तेव्हा १.१ मिली, म्हणजे ४.४. बसलं एकदाचं मर्यादेत.

पण अर्धा लिटर बायोडिझेलसाठी दीड लिटर पाणी गेलं, तेही दुधासारखं पांढरं, मिथेनॉल साबण ग्लिसरीन सगळं त्यात. पहिल्या धुण्याच्या पाण्याचा सीओडी (पाण्यातली घाण ऑक्सिडाइज करायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा) काढला, वीस पट पातळ करून, आणि लिटरला ३१,००० मिलिग्रॅमच्या आसपास आला. ओढ्यानदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा २५० आहे. स्वच्छ इंधन करताना आम्ही त्याच्या तिप्पट घाण पाणी तयार करत होतो आणि ते लॅबच्या सिंकमधून जाणार होतं. त्या दिवसापासून सगळं धुण्याचं पाणी कॅनमध्ये साठवलंय.

२३ सप्टेंबर

गणपतीनंतर दुसऱ्या भागाला हात घातला.

कँटीनमधला चहाचा चोथा, साखर जाईपर्यंत धुऊन वाळवलेला. तो ८० डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवून अर्क काढला, गाळला, त्यात फेरिक क्लोराइड. क्षणात शाईसारखं काळं. वाचलेल्या बहुतेक पेपरांत याला लोहाचे नॅनोकण म्हटलंय. आमच्या मते यात बराचसा भाग लोह आणि टॅनिनचं कॉम्प्लेक्स आहे, म्हणून आम्ही वहीत फक्त "चहा-लोह" लिहितो.

गाळायला गेलो तर सगळं पेपरमधून खाली. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ६ वर आणल्यावर गुठळ्या बसल्या, मग सेंट्रिफ्यूज, पाणी, अल्कोहोल, ओव्हन.

२७ सप्टेंबर

रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ या कापडाच्या रंगाचं लिटरला ५० मिलिग्रॅमचं द्रावण, पीएच ३, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, चहा-लोह. अर्ध्या तासात गडद निळं पाणी फिकट पिवळं. पेरॉक्साइड आणि लोह मिळून हायड्रॉक्सिल रॅडिकल (फार तीव्र, क्षणभर टिकणारे कण) तयार होतात आणि ते रंगाचा रेणू तोडतात, फेंटनची जुनीच रिअ‍ॅक्शन. फोटो काढले, सगळे खूश.

मग सीओडी काढला तर सुरुवातीपेक्षा जास्त!

दोन कारणं निघाली. एक, पेरॉक्साइड उरलेलं होतं, आणि सीओडीच्या टेस्टमधलं डायक्रोमेट त्याच्यावरही खर्च होतं, १ ग्रॅम पेरॉक्साइड साधारण अर्धा ग्रॅम सीओडी दाखवतं. आता आधी स्टार्च-आयोडाइड पट्टीने बघतो आणि पेरॉक्साइड संपल्याशिवाय सीओडी लावत नाही. दोन, चहा-लोह नीट धुतलं नव्हतं, त्यातला चहाचाच सेंद्रिय माल पाण्यात उतरला. पाणी साफ करायला टाकलेली वस्तूच पाणी घाण करत होती. नुसता रंग गेला म्हणून पाणी शुद्ध झालं असं कोणी म्हणालं तर सीओडी विचारा.

पेरॉक्साइडची बाटली किंवा रिअ‍ॅक्शनचं भांडं कधी घट्ट बंद करू नका, वायू साठतो. तीस टक्क्यांचं बोटाला लागलं तर कातडी पांढरी पडून आग होते.

४ ऑक्टोबर

इथेही गाळून बघायची टेस्ट. चहा-लोह पीएच ३ च्या पाण्यात अर्धा तास ढवळलं, बारीक फिल्टरमधून गाळलं, आणि त्या पाण्यात ताजा रंग आणि पेरॉक्साइड. रंग जवळपास तेवढ्याच वेगात गेला. म्हणजे आमचा घन कॅटॅलिस्ट बघत बसला होता आणि काम विरघळलेलं लोह करत होतं. फिनॅन्थ्रोलिनने (लोहाबरोबर केशरी रंग देणारं रसायन) ५१० नॅनोमीटरवर लोह मोजलं, लिटरला ९ मिलिग्रॅम. सांडपाणी नदीनाल्यात सोडायची मर्यादा ३ आहे. पीएच ५ वर दीडच्या आसपास, पण तिथे रंग जायला खूप वेळ.

चुन्याच्या वेळी हाच प्रकार थोडा होता, इथे जवळपास पूर्ण.

१४ ऑक्टोबर

मॅडमनी सुचवलं की अर्क काढूच नका, चोथाच वापरा. चोथा फेरिक क्लोराइडमध्ये रात्रभर भिजवला, वाळवला, झाकलेल्या क्रुसिबलमध्ये ५०० डिग्रीला तासभर. झाकण सैल राहिलं त्या क्रुसिबलमध्ये नुसती लाल राख झाली. झाकणाच्या कडेला ओली माती लिंपली तेव्हा काळा कोळसा मिळाला आणि तो चुंबकाला चिकटला! गाळायची कटकटच गेली, भांड्याच्या बाहेरून चुंबक लावायचा आणि पाणी ओतून घ्यायचं. धूर निघतो आणि तो अ‍ॅसिडचा असतो, त्यामुळे भट्टी हूडखालीच.

पण कोळसा आहे म्हटल्यावर तो रंग नुसता शोषतोही. म्हणून पेरॉक्साइड न घालता एक भांडं लावलं: निम्म्याहून जास्त रंग तसाच गेला. तो तुटलेला नाही, फक्त पाण्यातून कोळशात गेलाय. आता पद्धत अशी की आधी पेरॉक्साइडशिवाय तासभर शोषू द्यायचं, रंग स्थिर झाला की मग पेरॉक्साइड, आणि शेवटी कोळसा अल्कोहोलमध्ये धुऊन किती रंग परत निघतो ते बघायचं. पेरॉक्साइडवाल्या कोळशातून रंग अगदी थोडा निघाला, म्हणजे बाकीचा खरंच तुटला. पीएच ३.५ ला लोह २ मिलिग्रॅम, मर्यादेच्या आत.

२१ ऑक्टोबर

इचलकरंजीतल्या एका प्रोसेसवाल्यांनी (कापड रंगवणाऱ्यांनी) कॅनभर खरं पाणी दिलं, नाव न सांगण्याच्या अटीवर. पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि वाटेत हे सगळं पाणी तिला सोसावं लागतं, म्हणून आम्हाला लॅबमधल्या रंगाच्या पाण्यापेक्षा याचंच महत्त्व जास्त होतं.

पीएच १०.५. सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग बसवायला सोडा अ‍ॅश आणि भरपूर मीठ लागतं. अ‍ॅसिड घालायला लागलो तर फेस येऊन भांडं उतू गेलं, सोडा फुटत होता. ३.५ वर यायला इतकं अ‍ॅसिड गेलं की तो खर्च पेरॉक्साइडपेक्षा जास्त झाला. आणि तरी लॅबच्या पाण्यात अर्ध्या तासात होणारं काम इथे संध्याकाळपर्यंत रेंगाळलं. मिठातलं क्लोराइड रॅडिकल खाऊन टाकतं, उरलासुरला कार्बोनेटही तेच करतो. आधी फेस पूर्ण थांबेपर्यंत ढवळून कार्बोनेट घालवला तर थोडा वेग वाढला, मिठाचं काही करता आलं नाही. सीओडी निम्म्यापर्यंत उतरला, २५० च्या खाली नाही गेला.

एक गोष्ट जमली. शेवटी पाणी परत ७-८ पीएचवर आणायला सोडा विकत घेण्याऐवजी बायोडिझेलमधला थकलेला चुना वापरला. त्याच्यावर ग्लिसरीन आणि तेल चिकटलेलं असतं म्हणून आधी भट्टीत जाळून घेतला, न जाळता टाकला तर सीओडी वाढेल. उरलेलं लोह खाली बसलं आणि वरच्या पाण्यात ०.३ च्या खाली आलं. खाली गाळ मात्र उरतो, तो वाळवून नाव लिहून ठेवलाय.

८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपवून आल्यावर साठवलेल्या धुण्याच्या पाण्याचा हिशोब केला. डोक्यात होतं की चहा-लोहाच्या कोळशाने हे पाणी साफ करायचं आणि प्रोजेक्टचे दोन्ही भाग जोडून दाखवायचे. कागदावर मांडलं: १ ग्रॅम सीओडीला २.१२५ ग्रॅम शुद्ध पेरॉक्साइड लागतं. लिटरला ३१ ग्रॅम सीओडी म्हणजे ६६ ग्रॅम, म्हणजे तीस टक्क्यांचं जवळपास २०० मिली, एका लिटर पाण्याला! हे करून बघायचीही गरज नाही. जी घाण इतकी दाट आहे ती फेंटनने घालवायची नसते, ती तयारच होऊ द्यायची नसते. हा हिशोब आम्ही ऑगस्टमध्येच करायला हवा होता, दोन महिने त्या कॅनभोवती आराखडे आखत बसलो.

१३ नोव्हेंबर

पाण्याशिवाय धुणं. वॉटर सॉफ्टनर दुरुस्त करणाऱ्यांकडून कॅटायन रेझिन (कॅल्शियम पकडून बदल्यात दुसरा आयन सोडणारे मणी) आणलं, किलोभर तीनशे रुपयांना. ते सोडियम रूपात असतं, तसंच वापरलं तर कॅल्शियम जाऊन सोडियम येईल, म्हणून पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने हायड्रोजन रूपात आणलं, डिस्टिल्ड पाण्याने अ‍ॅसिड जाईपर्यंत धुतलं, आणि शेवटी मिथेनॉलने पाणी काढलं. काचेच्या नळीत भरून वरून बायोडिझेल थेंब थेंब. पहिल्यांदा मिथेनॉल काढून टाकलेलं घट्ट बायोडिझेल घातलं तर उतरेचना. ग्लिसरीन वेगळं केल्यावर पण मिथेनॉल उडवण्याआधी घातलं तर पातळ असल्यामुळे छान उतरलं.

ईडीटीए ०.९ मिली. किलोला ३.६. पाणी फक्त रेझिन धुवायला लागलं, बायोडिझेलला एक थेंब नाही. कॅल्शियमचे साबण रेझिनवर फुटून त्यातलं फॅटी अ‍ॅसिड परत बायोडिझेलमध्ये येतं, त्यामुळे अ‍ॅसिड व्हॅल्यूवर लक्ष ठेवा. आमची ०.४२ आली, मर्यादेला अगदी चिकटून. तेल आणखी कमी अ‍ॅसिडचं घेतलं तर सुटेल असा अंदाज.

१९ नोव्हेंबर

कॅटॅलिस्ट परत परत वापरून बघितला. न धुता तसाच पुढच्या रिअ‍ॅक्शनला वापरला तर सुरुवातीला चांगला चालतो, मग २७/३ मध्ये थर दिसायला लागतो आणि पूड चिकट होते. ९०० ला भाजली की पुन्हा ताजी. पण प्रत्येक वेळी वजन थोडं कमी भरतं, ते कमी झालेलं कॅल्शियम आता रेझिनवर सापडतं, तिथून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने काढलं की कॅल्शियम क्लोराइडचं थोडंसं पाणी. आमच्या मोजणीत टाकलेल्यापैकी बहुतेक चुन्याचा हिशोब लागतो, लोहाचा अजून नीट लागत नाही, काही कोळशात किती घट्ट बसलंय ते कळायला कोळसा जाळून अ‍ॅसिडमध्ये विरघळवून मोजावं लागेल.

२२ नोव्हेंबर

पुढच्या बॅचसाठी कपाटात: हायड्रोजन रूपातलं रेझिन (ओलं ठेवा, सुकलं की तडकतं), चुंबकी कोळशाच्या चार बाटल्या, भाजलेली टरफलं सीलबंद. धुण्याच्या पाण्याचा कॅन हूडखाली आहे, त्यातलं मिथेनॉल आधी डिस्टिल करून काढा आणि मगच सीओडी परत मोजा, आमचा अंदाज आहे की मोठा भाग मिथेनॉलचाच असणार. इचलकरंजीच्या पाण्याचा कॅन मामांच्या खोलीत. जून-जुलैमध्ये भाजणी सुरू करणार असाल तर डेसिकेटरमधलं सिलिका जेल निळं (म्हणजे कोरडं) आहे का ते बघून मगच भट्टी लावा.